‘व्हेरी’ कुठे बसतो, कुठे बसत नाही

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे हॉटेलात, बँकेत, जहाजावर इंग्रजीतच काम करतात. काळ-वचन बहुधा बिनचूक असते, चुकतो तो जोर द्यायचा शब्द. म्हणून या स्मरणिकेत आठवणींऐवजी तेवढाच धडा पुन्हा उजळावासा वाटतो.

मराठीत ‘हुमण (माशांची आमटी) फार तिखट आहे’ हे कौतुकही असते आणि तक्रारही. कोणते, ते आवाजावरून कळते. इंग्रजीत ही दोन कामे दोन शब्दांना वाटून दिली आहेत. ‘व्हेरी स्पायसी’ म्हणजे खूप तिखट. ‘टू स्पायसी’ म्हणजे नको इतके, घशाखाली न उतरणारे. पाहुणा ‘टू’ म्हणाला की ताट बदलून द्यायची वेळ आलेली असते. ‘टू गुड’ आपल्याकडे बोलताना कौतुक म्हणून खपते, पण अर्जात लिहू नका.

मग विशेषण पाहायचे. ‘हॉट’, ‘बिग’, ‘टायर्ड’ कमी-जास्त होऊ शकतात, त्यांना ‘व्हेरी’ चालतो. ‘बॉइलिंग’, ‘ह्यूज’, ‘एक्झॉस्टेड’ मुळातच टोकाचे, त्यांना ‘ॲब्सोल्यूटली’ लागतो. ‘व्हेरी ह्यूज’ म्हणजे काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी पाणी. अडलात तर ‘रिअली’ दोन्हीकडे चालतो. ‘क्वाइट’ मात्र जपून वापरा: ‘क्वाइट गुड’ ब्रिटिश माणसाला बहुधा ‘बरे आहे’ असे ऐकू येते, अमेरिकन माणसाला ‘चांगलेच’, आणि ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे अगदीच अशक्य.

तुलना आली की ‘व्हेरी बेटर’ नाही, ‘मच बेटर’. क्रियापदाला एकटा ‘व्हेरी’ लागत नाही: ‘आय लाइक फिश व्हेरी मच’. ‘लाइक’ आणि ‘फिश’ यांच्यामध्ये ‘व्हेरी मच’ घुसवणे ही आपली नेहमीची चूक, कारण मराठीत ‘खूप’ क्रियापदाला चिकटून येतो.

खरी गोडी जोड्यांत आहे. आपण पांढरेशुभ्र म्हणतो, लालभडक म्हणतो. लालशुभ्र कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही तसेच. ‘रिग्रेट’ला ‘डीपली’, ‘डिसअपॉइंटेड’ला ‘बिटरली’, ‘क्वालिफाइड’ला ‘हायली’. नियम शोधत बसू नका, वहीत जोडीच उतरवा. ‘अवेक’ला ‘वाइड’ आणि ‘अस्लीप’ला ‘फास्ट’. हा ‘फास्ट’ वेगाचा नव्हे. त्याचा जुना अर्थ ‘घट्ट’, आपल्या गाढ झोपेतल्या ‘गाढ’सारखा.