घागरा, फुगडी आणि दोन इंच

तुळशीचं लग्न लागलं की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या शिवणाच्या दुकानात पिशव्या ठेवायला जागा उरत नाही. नवं शिवण कमी, तयार आणलेलं आणि न बसलेलं जास्त. गेल्या मोसमात असाच एक डाळिंबी घागरा आला, तो अजून डोक्यातून जात नाही.

२० कळ्या, आत कॅनकॅनचे, म्हणजे घेर फुलवणाऱ्या कडक जाळीचे, दोन थर, वर जरदोजी. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ६ किलो २०० ग्रॅम भरला. सोबत कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. नवरी म्हणाली, "काकू, रिसेप्शनला मला आजीबरोबर फुगडी घालायचीय. ह्यात तर हात खांद्यापर्यंतही जात नाही." तिच्या आई लगेच म्हणाल्या, "ब्लाउज सैल करून द्या, बास. घागऱ्याचा घेर मात्र तसाच हवा."

आमचे मास्टरही हेच म्हणाले, सैल करून टाका. ३० वर्षं कात्री धरलेल्या माणसाने असं म्हणावं याचं मला वाईट वाटतं. हात अडतो तो बहुतेक वेळा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल कापल्यामुळे. मुंढा बगलेच्या दोन इंच खाली असला की हात उचलताना बाही अख्ख्या ब्लाउजला वर ओढते. सैल केलं तर ब्लाउज आणखी वर चढतो, हात तिथेच अडतो. मुंढा बगलेला लागून हवा. तयार कपड्यात तो खोल ठेवतात, कारण मग तो ब्लाउज कुणाच्याही अंगात शिरतो.

उसवून पाहिलं तर आत माया, म्हणजे शिवणीआड सोडलेलं जादा कापड, पाव इंच, तीही इंटरलॉकने खाल्लेली. आम्ही ब्लाउजला दोन्ही अंगांनी इंच-दीड इंच माया सोडतो. बाईचं अंग बदलतं, ब्लाउज तोच चालावा म्हणून. एवढे पैसे घेणाऱ्या दुकानाने मायाच सोडू नये? नाव घेत नाही, पण राग आहे.

मग चौबगला घालायचं ठरवलं. जुने शिंपी सदऱ्याच्या बगलेत चौकोनी तुकडा घालायचे, तोच. जांभळी नाक्याला तीन दुकानं फिरले, डाळिंबी रंग जुळेना. शेवटी घागऱ्याच्याच नेफ्यातलं कापड काढलं आणि तिथे आतून पॉपलीन लावलं. चार-चार इंचांचे दोन तुकडे, उरेब म्हणजे तिरके कापलेले, हाताबरोबर ताणले जावेत म्हणून. पण बाही उसवण्याआधी शिवणीवरचा डबका काढावा लागतो. डबका म्हणजे तारेची बारीक गुंडाळी, तुकडे करून मण्यांसारखी ओवलेली. एक दोरा तुटला की ओळच्या ओळ गळते. म्हणून उलट्या बाजूने प्रत्येक टोकाला गाठ मारली, मगच कात्री लावली. एका बाहीला पावणेदोन तास गेले. मशीनखाली एक तुकडा जरी राहिला तरी सोळा नंबरची सुईसुद्धा कटकन मोडते.

पाठीचं माप उभ्याने साडेतेरा भरलं, हात पुढे ताणून पंधरा. तेवढी जागा मागे हुकांऐवजी डोरी देऊन काढली. ट्रायलला आमच्याकडच्या मुलीबरोबर दुकानातच फुगडी घालायला लावली. हात मोकळे झाले होते. माझ्या हातून झालेलं हे चांगलं काम आहे, हे मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी नवरी एकटीच आली. "काकू, कॅनकॅन सुटा करून द्या ना. फुगडीआधी उतरवून ठेवीन. आईला नका सांगू, फोटोत घेर दिसावा म्हणून तिने हाच घेतलाय." मला तिचं पटलं. कॅनकॅन उसवून वेगळ्या पट्ट्यावर चढवला आणि आतून १४ हूक लावले. शेवटच्या ट्रायलला आई समोर बसलेल्या. घेर पाहून खूष झाल्या. मी हूक काढून पाहायला हवे होते. पण त्यांच्यासमोर काढणार कसे?

रिसेप्शनच्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या एका घागऱ्याखालचा कॅनकॅन मी काढला आणि कापड सरळ जमिनीला टेकलं. माझ्या पोटात गोळा आला. कॅनकॅन कापडाला बाहेर ढकलतो, म्हणून खालची कड उचललेली राहते. तो गेला की कापड सरळ लोंबतं, दोन इंच तरी खाली येतं. आणि फुगडीत दोघींचे चवडे एकमेकींना लागलेले असतात. ती कड आजींच्या पायाखाली येणार होती. आजी ७८ वर्षांच्या.

फोन कुणी उचलेना. सुई, दोरा, कात्री पिशवीत टाकून रिक्षा केली. हॉल घोडबंदर रोडला, कापूरबावडीलाच वीस मिनिटं अडकले.

नवरीच्या खोलीच्या दारात आईच उभ्या. "ताई, तुम्ही इथे?"

सांगावं लागलं, सगळंच. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, मग दाराला आतून कडी घातली. "किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

कॅनकॅन उतरवला. पट्ट्याखाली चार बोटं कळ्या कोऱ्या होत्या, नशीब. तिथे सगळीकडून एक इंचाची दुमड घेतली, म्हणजे कड दोन इंच वर. दुहेरी दोरा, मोठा धावदोरा. खोलीत उजेड कमी होता. आई पैठणीतच गुडघ्यांवर बसल्या आणि मोबाइलचा टॉर्च धरला. बोलल्या काहीच नाहीत. पण कापड जिथे गोळा व्हायचं तिथे माझी सुई पोचायच्या आत त्यांचं बोट जाऊन ते सरळ करायचं, आणि बांगड्यांचा तेवढा आवाज व्हायचा.

आजींच्या लुगड्याला कुणी काही करायला नको होतं. नऊ वार, काष्टा मारलेला, दोन्ही पाय मोकळे. त्यांनीच आधी हात पुढे केले. सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. लोक टाळ्या वाजवत होते, मी फक्त पावलं बघत होते. कड एकदाही खाली आली नाही. नवरीचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही, मी वर पाहिलंच नाही.

राहिलेले पैसे चार दिवसांनी मुलीच्या मामांनी आणून दिले. कॅनकॅन त्या रात्री घाईत माझ्या पिशवीतून परत आला, तो मशीनमागच्या खिळ्याला टांगलेला आहे. मुलगी लग्नानंतर बंगळुरूला गेली. आईंचा नंबर मी दोनदा लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कापला.