दुसऱ्या पाळीचा हरिपाठ

आमची पालखी आषाढी एकादशीला सकाळी सव्वासातला निघते. सातला नाही, साडेसातला नाही. गिरणीची तिसरी पाळी सातला सुटायची. रात्रभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभी राहिलेली माणसं चाळीत येणार, नळावर दोन तांबे अंगावर घेणार, धोतर बदलून गळ्यात टाळ अडकवणार, याला पंधरा मिनिटं लागतात असा हिशोब आजोबांच्या पिढीनं धरला होता. गिरणी गेली, चाळ गेली, वेळ तेवढी राहिली.

यंदाही पाऊस होताच. लालबागच्या मागच्या गल्लीतलं आमचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आता टॉवरच्या तळमजल्यावर आहे, गाड्या लावतात त्याच्या कडेला. दहा माणसं आत उभी राहिली की अकरावा उंबऱ्याबाहेर. पालखी उचलायच्या आधी काकांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. पहिल्यांदाच. वाकून मी त्यांच्या पाया पडलो, ते माझ्या पडले. वीणा देताना-घेताना वय बघायचं नसतं. तिचा पट्टा मी लहानपणापासून पाहत आलो, पण खांद्यावर पहिल्यांदा आला. गिरणीतल्या उरल्या सुताचा, तीन पेडी वेणीसारखा घट्ट विणलेला. मूळचा पांढरा, आता हळदीसारखा पिवळट झालाय. मधे एका ठिकाणी तुटला होता, तिथे विणकरांची ती बारीक, बोटाला जेमतेम लागणारी गाठ आहे. ती आजोबांची.

आजोबा सातारा जिल्ह्यातले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारायला घेतली आणि पुढे गिरण्या परळ-लालबागपर्यंत पसरत गेल्या. घाटावरून आणि कोकणातून माणसं आली. बायकामुलं गावाकडे, इथे एकेका खोलीत पंधरा-वीस जण. सगळे एकदम झोपायला यायचेच नाहीत, एक पाळी उठून गेली की तिच्या वळकट्यांच्या जागी दुसरी. जेवण खाणावळवाल्या मावशींकडे. अशाच एका खोलीत भिंतीवरच्या फळीवर विठोबाची तसबीर होती. भजनाला माणसं मावेनात तेव्हा देवळाचं ठरलं. पगाराच्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी उपरणं पसरायचे आणि उतरणारा प्रत्येक जण त्यात आपापल्या परीनं टाकायचा. जुन्या वहीत माणसाचं नाव आहे आणि पुढे गाव, आडनावं फारशी नाहीत. मूर्ती पंढरपुराहून आणली, कुर्डुवाडीला गाडी बदलून, आळीपाळीनं मांडीवर घेऊन. घोंगडीत गुंडाळलेला देव आहे असं डब्यात कळल्यावर लोकांनी बाक मोकळं करून दिलं होतं, हे आजोबा दर वर्षी सांगायचे.

देवळाच्या वेळा भोंग्यावर बांधलेल्या. पहिली पाळी सातला, म्हणून काकडा पहाटे पाचला. दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची, त्या लोकांसाठी साडेबाराला वेगळा हरिपाठ.

आता याच माणसांनी पंढरीची वारी कशी करायची? आळंदीहून चालत जायचं तर अठरा-वीस दिवस लागतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण होतं. खंडोबाला वार असतो, विठोबाला तिथी. एकादशी कुठल्याही वारी येते. आणि एवढे दिवस रजा घेतली तर बदली कामगार साच्यावर उभा राहणार, परत आल्यावर आपलं काम आपल्याला मिळेल याची खात्री नाही. म्हणून वडाळा.

वडाळ्याचं विठ्ठल मंदिर सुमारे चारशे वर्षांचं असल्याचं सांगतात. तेव्हा तिथे मिठागरं होती. मिठाच्या व्यापाऱ्यांना मूर्ती सापडली, तुकोबारायांच्या सांगण्यावरून त्यांनी देऊळ बांधलं, अशी कथा आहे. प्रति पंढरपूर हे नाव त्याला सगळ्या मुंबईनं दिलेलं. कोणी म्हणतं, पंढरपूरला जाता येत नाही म्हणून वडाळा. मला हे ‘म्हणून’ कधी पटलं नाही. रात्रपाळी करून, डोळ्यावर झोप असताना, उपाशीपोटी पाच-सहा किलोमीटर नाचत जाणाऱ्या माणसाची वारी कुठल्या वारीपेक्षा कमी धरायची?

भारतमाता सिनेमापाशी पहिली फुगडी झाली. परळला राजगिऱ्याचे लाडू आणि केळी मिळाली. तिथून पुढे एका बंद गिरणीची भिंत लागते. गेटावर पत्रे ठोकलेत, पण आमची पालखी तिथे थांबतेच. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या आषाढीला आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा रजा मागायची गरज नव्हती. ते आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर निघाले आणि लोणंद, फलटण करत पंढरपूरला चालत पोचले. परत आले तेव्हा आजीनं विचारलं, “कसं झालं?” म्हणाले, “सगळं डोळे भरून पाहिलं. पण रोज सकाळी सात वाजले की पाय थांबायचे.” पुढच्या वर्षी ते पुन्हा वडाळ्याच्या दिंडीत होते. त्यांची गिरणी उघडली नव्हती, उघडलीच नाही.

ज्या रस्त्यानं आम्ही चालतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा. म्हणून देवळाच्या इतिहासातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतून) धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळ होतो या निमित्तानं दलित कामगारांना तिथे, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला होता. आमच्या वहीतली सुरुवातीची नावं जवळपास सगळी साचेखात्यातली आहेत. याचा अर्थ काय होतो हे मला मोठा झाल्यावर कळलं आणि लाज वाटली. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या देवळाच्या उंबऱ्याबाहेर कोण राहिलं होतं, हे त्या वहीत लिहिलेलं नाही. यंदा पालखीचा पुढचा दांडा ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांचे वडील त्याच गिरणीत कातणखात्यात होते. आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर. या दांड्याखाली यायला एक आयुष्य गेलं.

हिंदमाताला पाणी भरलं होतं. पोटऱ्यांपर्यंत. तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका त्यातून पावली खेळत गेल्या, एकही कुंडी कलली नाही. मी वीणा छातीशी धरून चाललो होतो. पट्टा भिजून जड झाला आणि ती गाठ खांद्याला टोचायला लागली. काकांनी विचारलं, “देतोस का?” मी मान हलवली. त्यांनी वरून आपला रेनकोट माझ्यावर टाकला आणि स्वतः भिजत चालले.

दादर टीटीपासून वाट उजवीकडे वळते. कात्रक रोडवर दिंडीला दिंडी लागली. चाळींच्या, शाळांच्या, कार्यालयांच्या. शाळेतली मुलं छोटे विठ्ठल-रखुमाई होऊन आलेली. एकाच्या कपाळावरचा गंध पावसानं ओघळून नाकापर्यंत आला होता, त्याची आई पदरानं पुसत होती आणि तो हात कमरेवरून काढायला तयार नव्हता. रांगेत उभं राहायला आमच्यातल्या म्हाताऱ्यांना जमणार नव्हतं. आम्ही कळसाला हात जोडले. रूपाचे अभंग तिथेच, रस्त्यावर म्हटले.

मग घरी. साबुदाण्याची खिचडी, थोडी झोप.

रात्री साडेबाराला देवळात गेलो. दुसऱ्या पाळीवरून सुटणारं आता कोणी नाही, तरी एकादशीला हा हरिपाठ चुकत नाही. सुरुवातीला आम्ही सहा जण होतो. मग टॉवरचा रखवालदार आला, उत्तर प्रदेशातला, शब्द येत नाहीत पण टाळ अचूक. समोरच्या इमारतीतली नर्स ड्युटीवरून उतरून आली, चपला काढून दाराशीच बसली. शेवटी जेवणाची पार्सलं पोचवणारा एक पोरगा आला. मोटरसायकल बंद करून, पाठीवरची ती मोठी पेटी उंबऱ्याबाहेर ठेवून हात जोडून उभा राहिला. जाईल असं वाटलं, पण गेला नाही. गाव विचारलं, तर जत म्हणाला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वीणा उतरवली आणि त्याच्या गळ्यात घातली. तो संकोचून म्हणाला, “मला वाजवता येत नाही, दादा.”

“तार छेडत राहा,” काका म्हणाले. “बाकी आम्ही म्हणतो.”

वाकून मी त्याच्या पाया पडलो. पट्टा अजून ओला होता.