विल पेनी थांबला नाही

एकत्र राहू या का, असं मी त्याला विचारलं. ‘आता या वयात कशाला गं?’ एवढंच तो फोनवर म्हणाला आणि विषय बदलला. मीही बदलू दिला. रात्री झोप येईना म्हणून ‘विल पेनी’ हा सिनेमा लावला, टॉम ग्राइसने दिग्दर्शित केलेला, १९६८चा. नको त्या दिवशी लावला.

वाटलं होतं, घोडे, गोळीबार, बघता बघता डोळा लागेल. पण विल म्हणजे जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखलेला माणूस. अक्षरओळख नाही, सहीच्या जागी फुली मारतो. हिवाळाभर रँचच्या हद्दीवरच्या खोपटात एकट्याने राहायचं, गुरांवर लक्ष ठेवायचं, कुणी घुसलं तर हाकलायचं, ही नोकरी. आणि खोपटात आधीच कॅथरीन, लहान मुलाला घेऊन. नवऱ्याकडे पश्चिमेला निघालेली, वाटाड्याने वाऱ्यावर सोडलेली. त्याला तिला हाकलवत नाही. पुढे विलचा वैरी क्विंट आणि त्याची पोरं विलला थंडीत मरायला टाकून जातात, तेव्हा तीच त्याला जगवते.

नाताळचं गाणं त्याला येत नाही. मायलेक शिकवतात. एवढा थोराड बाप्या, ओशाळत एकेक शब्द म्हणतो. तिथे मला रडूच फुटलं. आईची आठवण... ते राहू दे.

शेवटी ती म्हणते, राहा, शेती करू. तो म्हणतो, पन्नाशी आली, उशीर झाला. आणि जातो.

इतका राग आला! उशीर कुणाला झाला? बाईने सगळं धैर्य एकवटून विचारायचं आणि समोरच्याने वयाचा दाखला द्यायचा. विल झालेला चार्ल्टन हेस्टन तर तेव्हा पंचेचाळिशीच्याही आतला होता. माझ्याच वाट्याला हे का, असं म्हणत बराच वेळ अंधारात बसून राहिले.

पहाटे पुन्हा शेवट लावला. या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो घाबरलाय. गुरांपलीकडे काही येत नाही, एखादं वर्ष पीक बुडालं तर या दोघांना काय खायला घालू, हे त्याला खरंच दिसतंय. तिच्यावर जीव आहे म्हणून तर जास्तच. मला ते पटत नाही, पण आता कळतंय. ज्याला चार भिंतींची सवयच लागली नाही, त्याला थांब म्हणून कसं थांबवणार?

आणि कॅथरीन झालेली जोन हॅकेट. काय काम केलंय! तो नाही म्हणतो तरी कॅथरीन कुठे लहान होत नाही. जे वाटलं ते तिने बोलून टाकलंय. नवऱ्यापाशी ती आता कुठल्या मनाने जाणार, कोण जाणे.

मी विचारलं, याचं मला सकाळपासून वाईट वाटत नाहीये.