माळ आणि घोडा

रात्रीचा दीड. पाऊस थांबत नाही.

"ताई, ह्यात मांसाचं काय नाय ना? ह्यांच्या गळ्यात माळ हाय."

मी म्हटलं, "औषध आहे, मावशी." सापाच्या विषावरच्या सीरमची सहावी वायल, म्हणजे छोटी बाटली, हातात होती. खोटं बोलले नाही. पण घरी आल्यापासून ते उत्तर घशात अडकून बसलंय.

काल नागपंचमी म्हणून मावशींच्या नवऱ्याने रानात कुदळ मारली नाही. आज भाताच्या बांधावर गेले आणि पान लागलं, साप चावला. घोणस.

दहाच वायल का, असं कुणी विचारलं असतं तर मी घडाघडा सांगितलं असतं. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. आपल्या सीरमचा १ मिली तिचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतो, म्हणजे १० मिलीची एक वायल ६ मिलिग्रॅम. लहान मुलालाही तेवढ्याच वायल, कारण साप वजन बघून चावत नाही. पावडरीत पाणी घातल्यावर वायल हिसळायची नाही, तळव्यांत धरून हळू फिरवायची, नाहीतर नुसता फेस होतो. विषाने रक्त गोठेनासं झालंय का ते बघायला २ मिली रक्त कोरड्या, कोऱ्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं हात लावायचा नाही. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची निघाली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि सगळा हिशेब चुकतो. आज नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं.

हे सगळं तोंडपाठ. आणि "ह्यात काय आहे" याला उत्तर नाही?

उत्तर आहे. घोडा आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून वाढवत वाढवत घोड्याच्या कातडीखाली टोचतात, आठवडेच्या आठवडे. बरोबर जे तेलकट द्रव्य मिसळतात ते एका जागी जास्त गेलं किंवा सुई अस्वच्छ असली की गळू येतं, पिकतं. रक्तात पुरेशा अँटिबॉडी, म्हणजे विषाला धरणारी प्रथिनं, आल्या की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेत किलोमागे १३ ते १५ मिली दिलंय. ४०० किलोच्या घोड्याचं धरलं तर पाच-सहा लिटर. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ठेवून तांबड्या पेशी घोड्याला परत चढवायच्या असतात. तिथे हयगय झाली किंवा पुरेशी विश्रांती न देता पुन्हा रक्त काढलं तर घोडा पांढरा पडतो, अंगावर सूज येते. वर्षानुवर्षं टोचलेल्या घोड्यांच्या यकृतात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि ते यकृत फाटूही शकतं.

मग तो प्लाझ्मा पेप्सिन या पाचक द्रव्याने तोडतात, म्हणजे अँटिबॉडीचं शेपूट जातं आणि विष धरणारे दोन हात तेवढे उरतात. हे पेप्सिन डुकराच्या जठरातून येतं. हेही मी मावशींना सांगितलं नाही.

आणि उंदीर. तयार सीरम विषात मिसळून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवतात, पाच-पाच उंदरांच्या गटांना शेपटीच्या शिरेतून देतात आणि २४ तासांनी किती जगले ते मोजतात. काही गटांतले मरावेच लागतात, त्याशिवाय आकडा निघत नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा प्रयोगाला परवानगी देतो, त्रास कमीत कमी ठेवा म्हणतो. त्यांना वेदनाशामक देतात की नाही, हे मी इतक्या वर्षांत कधी कुणाला विचारलं नाही.

पुण्यात पाषाणच्या विषाणू संस्थेत २०२० मध्ये कोविडच्या लशीसाठी वीस माकडं आणली होती, तेव्हाही विचारलं नाही. ती लस मीही घेतली. असो.

पाय सुजलेत, बारा तास उभी होते, आणि टोचणी मलाच का? कंपनीला नाही, डॉक्टरांना नाही. मावशींनी विचारायला माझाच हात का धरला? हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. त्यांनी माझा हात धरला कारण वायल माझ्या हातात होती.

देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं साप चावून मरतात, असा अंदाज आहे. बांधावरची, अनवाणी. घोड्याला पर्याय शोधणं चालू आहे. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत घडवलेली एक अँटिबॉडी दाखवली. तिला घोडा लागत नाही. पण ती नागासारख्या सापांच्या एका प्रकारच्या विषघटकावर चालते, घोणशीवर नाही. आणि तिचीही परीक्षा उंदरांवरच झाली. म्हणून आज रात्री दुसरं काही नव्हतं. मी दिलं, पुन्हा देईन. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

किंतु त्या "औषध आहे" बद्दल आहे. बैलाला आपण बेंदूर करतो, गाय-वासराला वसुबारस, सापाला कालच लाह्या-दूध झालं. आणि ज्या घोड्याचं रक्त या माणसाच्या शिरेत गेलं, त्याचं नावसुद्धा मी गिळलं. मावशी नको म्हणतील अशी भीती वाटली. वारी करणारी बाई, नवऱ्याचा जीव आणि घोड्याचं रक्त यांचा विचार तिने माझ्यापेक्षा नीट केला असता, असं आता वाटतंय.

शिवाय नुसतं पाप-पुण्याचं नाही हे. घोड्याची प्रथिनं आहेत म्हणूनच पहिल्या तासात खाज, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं यावर डोळा ठेवायचा आणि अॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर चट्टे आणि सांधे धरणं हेही त्यामुळेच. तेव्हा हा माणूस गावात असेल. घोड्याचं माहीत नसेल तर मावशी त्याला विष उतरलं नाही समजून मांत्रिकाकडे नेतील.

कार्डावर लिहायचं: घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम, दहा वायल, तारीख. खाली मराठीत: ताप, चट्टे, सांधेदुखी आली तर लगेच परत या.

सहा तासांची दुसरी नळी रात्रपाळीवाली लावेल. सकाळी मी पोचेन तेव्हा मावशी खाटेजवळच असतील. शेजारी बसायचं आणि सांगायचं, मावशी, काल तुम्ही विचारलं होतं ना. मांस नाही. घोडं जितं ठेवून त्याचं रक्त काढतात, त्यातलं आहे.