शिक्षा कुणाला झाली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. युद्धगुन्ह्यांसाठी सरकारांनी नव्हे, लोकांनीच भरवलेल्या न्यायाधिकरणांवर मी कुठेही बोलले, की प्रश्न ठरलेला: "शिक्षा कुणाला झाली?" कुणालाही नाही. १९६७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या रसेल न्यायाधिकरणाने व्हिएतनामबद्दल अमेरिकेला दोषी धरलं. बॉम्ब पडतच राहिले. २००५ मध्ये इस्तंबूलला इराक युद्धावर अशीच सुनावणी झाली. बुश-ब्लेअर यांच्या केसालाही धक्का लागला नाही. हे मला ठाऊक आहे.

पण टोकियोत डिसेंबर २००० मध्ये भरलेल्या अशाच न्यायाधिकरणात काय झालं ते एकदा नीट ऐका. जपानी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात लैंगिक गुलाम म्हणून डांबलेल्या साठहून अधिक स्त्रिया आशियाभरातून आल्या होत्या, सगळ्या म्हाताऱ्या. चीनच्या वान आयहुआ साक्ष देता देता मंचावरच बेशुद्ध पडल्या. कानेको यासुजी आणि सुझुकी योशिओ या दोन माजी सैनिकांनी आपण स्वतः बलात्कार केल्याचं भर सभागृहात कबूल केलं. युद्धानंतरच्या अधिकृत खटल्यात सम्राट हिरोहितोंवर आरोपच ठेवला गेला नव्हता. इथे ते दोषी ठरले. तोवर त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुढच्याच महिन्यात एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीने यावरचा कार्यक्रम दाखवला, तोही ४४ मिनिटांचा ४० वर आणून. सम्राटांवरचा निकाल त्यात नव्हता, सैनिकांची कबुलीही नव्हती. निकाल इतका कुचकामी होता, तर तो कापायचं कारण काय?

वकिली सुरू केली तेव्हा मीही तुमच्यासारखीच बोलायचे. आरोपी हजर नाही, न्यायाधीश आयोजकांनी नेमलेले, हा कसला खटला? टोकियोत जपान सरकारला बोलावणं गेलं होतं. ते आलं नाही, म्हणून त्याची बाजू न्यायमित्रांनी, म्हणजे न्यायालयाला मदत करणाऱ्या वकिलांनी, मांडली. तेव्हाच्या मला तेवढ्याने पटलं नसतं. आणि त्या तरुण वकिलाकडे, म्हणजे तेव्हाच्या माझ्याकडे, मलेशियातल्या क्वालालंपूरचं उदाहरणही आहे. तिथे २०११ मध्ये बुश-ब्लेअर दोषी ठरले, पण त्या सगळ्यामागे माजी पंतप्रधान महाथिर होते. त्याला नागरिकांचं न्यायालय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग टोकियोला कसं म्हणतेस, असं ती विचारेल. मी म्हणेन, तिथे साक्षी होत्या, गुन्हेगारांची कबुली होती. साक्षी तर क्वालालंपूरलाही झाल्या, असं ती म्हणेल, आणि ते खरं आहे.