उजवीकडची महाधमनी

नवरात्रात प्रयोग लावू नये, असं आमच्या लॅबमधले सीनियर सांगतात. वडोदऱ्यात त्या दिवसांत रात्री स्कूटरही पुढे सरकत नाही. पण आमचा प्रयोग कोंबडीच्या गर्भात रक्तवाहिनीची नळी कशी बनते ते पाहण्याचा, आणि अंडी गरबा बघून उबत नाहीत. ३८ अंशांवर ठेवली की तिसाव्या तासाच्या आत सुई घालावीच लागते.

दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. हॅचरीतून आणायची, आडवी उबवायची. मग निमुळत्या टोकातून सिरिंजने दोन-तीन मिली पांढरं ओढून घ्यायचं, म्हणजे बलक खाली बसतो आणि वरून कवच कापताना गर्भाला धक्का लागत नाही. तरी गर्भ नीट दिसत नाही. बलकात, गर्भाच्या बरोबर खाली, काळी शाई सोडली की उमटतो. ही शाई स्टेशनरीच्या दुकानातली का चालत नाही, हे बिलं पास करणाऱ्यांना अजून पटलेलं नाही. धुवायच्या सलाइनमध्ये कॅल्शियम हवंच. ते नसलं तर कॅडहेरिनची, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाची, पकड सुटते.

या वयात पिल्लाला दोन महाधमन्या असतात, डावी आणि उजवी. पेशी भोवतालच्या जाळीला धरून राहते ती इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी. मी उजव्या बाजूला त्यांतलं अल्फा-व्ही बीटा-३ हे इंटिग्रिन अडवणारी अँटिबॉडी सोडली, डावी बाजू तशीच ठेवली. नंतर काप घेऊन पाहिले. डावीकडे स्वच्छ नळी. उजवीकडे पेशी जागेवर पोचल्या होत्या, एकमेकींना बिलगल्याही होत्या, पण आत पोकळी नाही, नुसती भरीव दोरी. लाव्याच्या गर्भात हे १९९५ मध्येच दाखवलं गेलंय, म्हणून नवल वाटलं नाही.

एका अंड्यात मात्र उजवीकडेही नळी होती.

सर म्हणाले, "सुई चुकली असेल, सोडून दे तो." त्यांना आलेख सुबक लागतो. पण सुई चुकली नव्हती. अँटिबॉडीवर लावलेला रंग उजवीकडच्या पेशींवर लख्ख चमकत होता.

तेव्हापासून डोक्यात १९९८ चे उंदीर घोळतायत. त्यांच्यात अल्फा-व्हीचं, म्हणजे त्या इंटिग्रिनच्या एका भागाचं, जनुकच काढून टाकलेलं, तरी रक्तवाहिन्या बऱ्याच तयार होतात. थोडी पिल्लं जन्मतातही, मग मेंदूत रक्तस्राव होऊन दगावतात. रक्तवाहिन्यांच्या पेशींतलं व्हीई-कॅडहेरिन काढलं तर मात्र साडेनऊ दिवसांच्या आसपास गर्भ संपतो. बनलेल्या वाहिन्याच टिकत नाहीत. मग इंटिग्रिन मुळातच नसणं आणि ऐन वेळी अडवलं जाणं, यांत पेशीला काय फरक जाणवतो? मला वाटतं, त्या अंड्यात अल्फा-५ बीटा-१ या दुसऱ्या इंटिग्रिनने जागा भरून काढली असावी. उरलेल्या कापांवर आता तेच रंगवणार आहे. सरांना आलेख झाल्यावर सांगेन.