नवगावची सात जोडपी

आमच्या लहानपणी डिसेंबर हा दोन संमेलनांचा महिना असे. एक शाळेचे स्नेहसंमेलन आणि दुसरे आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, समाजातल्या स्त्री मंडळाचे वार्षिक संमेलन, जे हनुका या दिव्यांच्या सणाच्या आठ दिवसांतला रविवार गाठून ठाण्यातल्याच एका शाळेच्या सभागृहात भरत असे. शाळेत मी लेझीम खेळत असे, कोळीनृत्यात नाचत असे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पालकांना माझ्यात व माझ्या मैत्रिणींत काहीही वेगळे दिसत नसे. मंडळाच्या संमेलनात मात्र मी उभी राहत असे ती यहुदी मुलगी म्हणून, तेही मराठीत आणि बहुतेक वेळा त्याच नऊवारी लुगड्यात, जे आजीच्या ट्रंकेतून वर्षातून एकदा बाहेर निघे आणि दोन्ही संमेलने उरकून पुन्हा डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडे. माणसाला आपली जागा कुठे सापडते, असे मला कोणी विचारले, तर मी या दुसऱ्या संमेलनाचे नाव घेईन.

शाळेत माझे आडनाव कोणाला खटकत नसे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका खेड्यावरून आलेले ते आडनाव होते, दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर यांच्याच ओळीतले. नाव मात्र थेट तोरा या आमच्या धर्मग्रंथामधले. हजेरी घेताना नव्या बाई त्या नावापाशी थांबत आणि हमखास विचारत, “तुम्ही ख्रिस्ती का गं?” यहुदी म्हटल्यावर प्रश्न मिटत नसे, वाढत असे. शनिवारची सकाळची शाळा आम्ही भावंडे का बुडवतो, मैत्रिणीच्या घरी कोळंबीचे कालवण पुढे आले की मी वरणभातावर का भागवते, आमच्या घरच्या मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचे दूधच का पडते, हे सगळे मी समजावून सांगत असे. त्यात कोणाचा दुष्टावा कधीच नव्हता. उलट माझ्या मैत्रिणींच्या आया माझ्यासाठी न चुकता वेगळे काहीतरी रांधत, आणि ती माया मी आजही विसरलेले नाही. तरीही वर्षभर स्वतःविषयी खुलासे देत राहणाऱ्या मुलाला, जिथे खुलासा द्यावा लागत नाही असा एक दिवस फार मोलाचा वाटतो.

आमचे प्रार्थनामंदिर, शाआर हाशामाईम, 1879 साली उभे राहिले आणि ठाण्याच्या जुन्या वस्तीत ते आजही नांदते आहे. सणासुदीला आम्ही सगळे तिथे जमत असू. पण तिथे बायकांची बसण्याची जागा वर, गॅलरीत. खालून प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांचा आवाज चढत येई, हिब्रू शब्द चालीवरूनच पाठ झालेले असत आणि सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढला की वरच्या सगळ्याजणी हात पुढे करून बोटे ओठांना लावत. मला ते मनापासून आवडे. तरी श्रद्धेची ती गोष्ट माझ्या आईच्या, आजीच्या तोंडून मला ऐकू आली ती संमेलनातच, कारण तिथे वरची गॅलरी नव्हती. व्यासपीठही बायकांचे, माईकही बायकांचा आणि हिशेबाची वहीसुद्धा बायकांच्याच हातात.

कार्यक्रम प्रार्थनेने सुरू होई. हनुकाचे दिवे लागत. नंतर अहवाल, विद्यार्थिनींना बक्षिसे आणि मग एखाद्या वडीलधाऱ्या बाईंचे भाषण. त्या भाषणांत दोन नावे दरवर्षी यायचीच. पहिले डॉक्टर जेरुशा झिराड यांचे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या पुढे लंडनला गेल्या, तिथून एम.डी. होऊन आल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे रिबेका रूबेन यांचे. 1905 साली त्या मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि नंतर माझगावच्या आमच्या इस्राएल शाळेच्या, म्हणजे पुढे सर एली कदूरी हे नाव मिळालेल्या शाळेच्या, अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. लहानपणी ही भाषणे लांबलचक वाटत. आज मला वाटते, की एका छोट्या समाजातल्या मुलीला “आपल्यातल्या बाईने हे केले आहे” हे वर्षातून एकदा तरी जाहीरपणे ऐकू यायलाच हवे, आणि आमच्या मंडळातल्या बायकांना ते पुरते ठाऊक होते.

भाषणांनंतर कीर्तन. आमच्या समाजात कीर्तन आले ते 1880 च्या सुमारास. हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकून काही तरुणांनी अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने त्याच साच्यात बांधली आणि पुढे बायकांनी ती आपलीशी केली. आमच्या संमेलनात ज्या मावशी कीर्तन करत, त्या एरवी टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. पांढरी साडी नेसून, हातात झांजा घेऊन त्या उभ्या राहिल्या, पेटीवाल्याने सूर धरला आणि साकी सुरू झाली की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबे. योसेफाच्या आख्यानात भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमस्कार घालतात असे जे स्वप्न आहे, ते त्या अशा रंगवत की पेंढ्या भाताच्याच, शेत अलिबागकडचेच आणि बांधावर बसलेले म्हातारे याकोब हे आमचेच कोणी आजोबा वाटावेत. भावांनी योसेफाला खड्ड्यात लोटले त्या दिंडीला बायका खरोखर डोळे पुसत. त्यांतल्या निम्म्याजणींचे भाऊ तोवर परदेशी निघून गेलेले होते, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

आणि शेवटी मुलांचे नाटक. विषय दरवर्षी एकच: आपले पूर्वज कोकणात कसे आले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना त्यांनी तिथेच मूठमाती दिली आणि त्या सात जोडप्यांपासून आमचा सगळा समाज वाढला, अशी आमची परंपरा सांगते. हे नेमके कधी घडले, यावर इतिहासकारांची मते वेगवेगळी आहेत, पण नवगावला ती दफनभूमी आहे आणि आम्ही तिथे जाऊन डोके टेकवतो. नाटकात समुद्र म्हणजे दोन निळ्या साड्या. दोन बाजूंना दोघी दोघी उभ्या राहून त्या हलवत, मध्ये मुलांची जोडी जोडी हात धरून धडपडत बाहेर येई आणि प्रत्येक जोडी वाचली की सभागृहातून मोठ्याने आकडा मोजला जाई. सात म्हटले की टाळ्या.

पुढच्या प्रवेशात घाणा. कोकणात स्थिरावल्यावर आमचे पूर्वज तेल गाळू लागले आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दिवशी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावकरीण झालेली मुलगी रिकामी बुधली घेऊन येई आणि दारात उभी राहून हाक मारी.

“अगो, पावशेर तेल दे. दिव्यात थेंब नाही.”

“आज शनवार. उद्या ये, आधी तुझी बुधली भरते.”

“देव तुमचा मोठा कडक.”

“कडक नाही गं. आम्हालाही विसावा देतो, बैलालाही देतो.”

एवढ्याशा संवादात शब्बाथचा जो अर्थ माझ्या मनात बसला, तो धर्मवर्गाच्या वहीतून कधी बसला नसता.

माझी भूमिका मात्र तिसऱ्या प्रवेशात होती आणि तिचा मला आजही अभिमान आहे. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ नाहीत, हिब्रू विसरलेली, स्मरणात उरलेले काय तर शेमा ही प्रार्थना, शब्बाथ, आठव्या दिवसाची सुंता आणि खाण्यातली पथ्ये. अशा वेळी दावीद राहाबी नावाचे एक विद्वान कोकणात येतात. ही माणसे खरोखरच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी ते घरच्या बायकांपुढे मिसळीच्या मासळीची टोपली ठेवतात आणि रांधायला सांगतात. मी त्या टोपलीपाशी उकिडवी बसत असे. मासे पुठ्ठ्याचे, माझ्या भावाने रंगवलेले. खवले दिसावेत म्हणून त्याने चंदेरी कागदाचे तुकडे एकावर एक चिकटवलेले. एकेक मासा उचलून मी निरखत असे. खवले आणि पर आहेत ते ताटात, नाहीत ते बाजूला. ती निवड मला कोणी शिकवावी लागली नाही, कारण आई बाजारातून आल्यावर स्वयंपाकघराच्या मोरीत मी रोज तेच पाहत होते. ज्या कोळंबीने मैत्रिणीच्या घरी मला संकोचात टाकले होते, तीच पुठ्ठ्याची कोळंबी मी सगळ्यांसमोर बाजूला सारली की राहाबी झालेला मुलगा उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, “ही आपलीच माणसे.” त्या वाक्याला माझ्या अंगावर दरवर्षी काटा येई. परीक्षा पुरुषांची नव्हती, पोथीची नव्हती. चुलीपाशी बसलेल्या बाईने समाजाची ओळख राखली होती, आणि ते आमच्या बायकांनी मुद्दाम नाटकात ठेवले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

नाटकानंतर मलिदा. भिजवून मोकळे केलेले गोडसर पोहे, त्यांत ओले खोबरे, साखर, वेलची, जायफळ, काजू, बदाम, बेदाणे आणि परातीत भोवतीने केळी, खजूर, चिकू, सफरचंदे. गुलाबाच्या पाकळ्यांचा वास वेलचीत मिसळलेला. फळांवरचे आशीर्वाद म्हणून झाले की सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचे गीत म्हणत. हा संदेष्टा स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा राहिल्या, अशी आमची श्रद्धा आहे. तू बिश्वत या झाडांच्या सणाच्या दिवशी तिथे मोठी गर्दी होते. यहुदी जगात एलियाहूला इतक्या घरगुती मायेने हाक मारणारे आमच्यासारखे दुसरे कोणी असेल असे मला वाटत नाही.

मग माणसे कमी होऊ लागली. 1951 च्या जनगणनेत भारतातल्या यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. 2011 मध्ये ती 4,650 भरली. आकडे आम्ही नंतर वाचले. आम्हाला ते कळले ते नाटकाच्या तालमीत, कारण सात जोडप्यांना चौदा मुले लागतात. एका वर्षी राहाबीच इस्राएलला गेला. पुढच्या वर्षी दोन भाऊ आणि त्यांची बहीण. सात जोडप्यांची पाच करावीत का, असा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला आणि माझ्या आजीने तो एका वाक्यात निकालात काढला, “सात वाचले म्हणजे सातच.” तेव्हा आईने आमच्या चाळीतल्या मुलांना विचारले. शेजारच्या घरातली दोन मुले आली, खालच्या मजल्यावरची कोळ्यांची मुलगी आली, माझी वर्गमैत्रीण आली. त्यांच्या आयांनी लुगडी दिली आणि संमेलनाला येऊन पुढे बसल्या. ज्या मैत्रिणीला मी वर्षानुवर्षे शनिवारचा अर्थ समजावत होते, ती त्या वर्षी दारात उभी राहून स्वच्छ आवाजात म्हणाली, “आज शनवार. उद्या ये.” तिला तो संवाद शिकवावा लागला नाही, आमच्या ओसरीवर बसून तालमी ऐकता ऐकताच तो तिला पाठ झाला होता. आपली जागा म्हणतात ती मला त्या संध्याकाळी अगदी स्पष्ट दिसली. ती एकट्या आमच्या समाजाने राखलेली नव्हती. नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांनी त्या चौदाजणांना थारा दिला, त्यांचीही मुले आता रंगमंचावर होती.

गेलेल्यांची कथा वेगळी. माझी मावशी इस्राएलमधल्या दिमोनाला गेली. तिथे 1962 नंतर काही काळ आमच्या लोकांना विवाहासाठी वंशाची चौकशी सोसावी लागली, बेने इस्राएल खरे यहुदी आहेत का असा प्रश्न उभा केला गेला, लोक रस्त्यावर उतरले आणि 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांच्या समान हक्कांच्या बाजूने ठराव केला तेव्हा कुठे तो विषय निवळला. इथे ख्रिस्ती का म्हणून विचारणा, तिथे यहुदी का म्हणून! मावशीने त्या काळात लिहिलेल्या पत्रात आईला एवढेच विचारले होते, की या वर्षी मासळीच्या टोपलीपाशी कोण बसले. पुढे त्या लोकांनी तिथेही आपली संमेलने उभी केली. महाराष्ट्र दिन तिथे साजरा होतो, लोदहून “मायबोली” नावाचे मराठी नियतकालिक निघते, आणि मावशीच्या नातवंडांना हिब्रूच्या जोडीने “एक लाजरान साजरा मुखडा” ठेक्यात म्हणता येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, त्याचा मला आनंद झाला. आमचे संमेलन अजून भरते. मुले इंग्रजी माध्यमातली असल्यामुळे नाटक इंग्रजीत करावे, असे काही तरुण पालक म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मी त्याला ठाम नकार देते. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादामध्ये, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायच्या पोथीत, हिब्रूशेजारी मराठी आहे. पेसाहची कथा आमच्या खापरपणज्यांनी मराठीतच समजून घेतली. बुधली घेऊन आलेल्या गावकरणीला दुसऱ्या कुठल्या भाषेत उत्तर द्यायचे? म्हणून ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांना मी संवाद म्हणून दाखवते आणि ती मुले महिनाभरात ते चोख म्हणतात. तालमी दिवाळीनंतर सुरू होतात. मुलगे अजूनही कमीच पडतात, तेव्हा उंच मुली धोतर नेसतात आणि सात जोडपी पुरी होतात.